इस्त्रीच्या टेबलाचं चंदेरी कापड

उजेडमामांचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे आणि तिथून उठायला त्याला निमित्त लागत नसे. तीस वर्षं फोटो काढले, आणि त्यातली निम्मी वर्षं “उजेड अडवू नका” असं लोकांवर ओरडण्यात गेली. म्हणून हे नाव. नात्यातले, शेजारचे, गिऱ्हाइकं, सगळे त्यांना मामाच म्हणत. घरात मामी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत, पुढच्या खोलीत मामांचा स्टुडिओ. दोघांच्या मध्ये एक पडदा आणि दिवसातून चार भांडणं.

त्या आठवड्यात रागाला कारणही होतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याला नवा कॅटलॉग काढायचा होता. नमुन्याला तीन भांडी मामांकडे आली होती. फोटो पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाही तर ते चौकातल्या मोठ्या स्टुडिओला. पासपोर्टचे फोटो आता लोक मोबाइलवरच काढत होते. हे काम गेलं तर पडद्याअलीकडची खोली भाड्याने द्यायची, हे नवराबायकोत ठरून गेलं होतं.

स्टीलचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. समोर जे असेल ते पातेलं पोटावर दाखवतं. समोर अंधार असला की पातेलं काळं. त्याला समोरून उजेड परतवणारा मोठा रिफ्लेक्टर हवा. मामा कॅमेऱ्याच्या दुकानात गेले, एक रिफ्लेक्टर उघडून बघायला लागले.

“मामा, घेणार असाल तरच उघडा,” दुकानदार म्हणाला. “मळला की विकला जात नाही.”

“तीस वर्षं तुझ्याकडून माल घेतोय.”

“माल कसला, सेल घेता तुम्ही. घड्याळाचे.”

दुकानातले दोघे हसले. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकाएवढं चंदेरी कापड आणि त्याला तारेचं कडं, त्याची एवढी किंमत आणि वर हा माज. घरी येईपर्यंत ते स्वतःशी बडबडत होते. आले तर समोर मामींचं इस्त्रीचं टेबल, आणि टेबलावर तेच. चंदेरी कापड.

“अहो, कपडे पडलेत माझे,” मामी म्हणाल्या.

“पडू देत.”

“लोक काय उघडे फिरतील?”

मामांनी कापड ओढून काढलं, एका पुठ्ठ्यावर ताणून टाचण्या मारल्या आणि डावीकडे उभं केलं. पातेलं उजळलं. चष्मा कपाळावर, राग डोक्यात, अशा अवस्थेत त्यांनी तासाभरात तिन्ही भांडी उरकली. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळं झकास दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मॅनेजरने फोटो मोठ्या स्क्रीनवर लावले; भांडी मामांच्या घरीच होती. चांगले होते. मग तो पुढे वाकला.

“हा डाग कसला?”

पातेल्याच्या पोटावर तपकिरी, टोकदार काहीतरी होतं. किटलीवरही होतं, जरा वाकडं. डब्यावर लांबुळकं. मॅनेजरने तिथूनच हाक मारली. “पॉलिशवाल्याला पाठवा.”

पॉलिशवाले काका आले. वय साठीकडे झुकलेलं, नखांत काळं बसलेलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“साहेब, माझ्या हातून असा माल जात नाही.”

“मग हे काय आकाशातून पडलं? तीन नग, तिन्ही डागी. नमुन्याच्या मालाची ही तऱ्हा, तर गिऱ्हाइकाला काय जात असेल? उद्यापासून येऊ नका.”

मामांनी डाग कधीच ओळखला होता. खाली टोक, वर पसरट: ती इस्त्री होती. मामींच्या कापडावर कधीतरी जळून उमटलेली, आता तीन भांड्यांच्या पोटावर चढलेली. गप्प बसलं तर काम पदरात होतं. मॅनेजर स्वतःच म्हणत होता, “फोटोला नाव ठेवायला जागा नाही, मामा. दुसरी भांडी देतो, परत काढा.”

मामांना संताप आला. मॅनेजरचा, दुकानदाराचा, आणि सर्वांत जास्त कपाळावर राहिलेल्या त्या चष्म्याचा.

“भांडी स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. “डाग माझ्या बायकोच्या इस्त्रीचा आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅनेजर आधी बघत राहिला, मग हसला. “इस्त्रीच्या फडक्यावर आमचा कॅटलॉग? मोठ्या स्टुडिओलाच देतो.”

“द्या. पण आधी यांना उद्या या म्हणा.”

मॅनेजर स्क्रीन बंद करायला वळला.

“चूक माझी आणि घरी कोण बसणार, तर हे? म्हणा उद्या या.”

“बरं बरं. या उद्या, काका.”

मामा तरातरा बाहेर पडले. मागोमाग पॉलिशवाले काका. माल बांधायच्या टेबलाशी थांबून ते म्हणाले, “हा कागद चालेल का बघा. भांडी यातच गुंडाळतो आम्ही. पांढरा आहे, डाग नाही.”

मामांनी तो पातळ कागद उजेडाकडे धरला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. दोघांनी एका खोक्याच्या बाजू कापून तिथे कागद चिकटवला, खोकं दाराच्या उजेडात ठेवलं, आत पातेलं. या वेळी मामांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला, पातेल्याचा इंच न् इंच बघितला आणि खांद्यावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. पातेलं दुधासारखं उजळलं होतं.

मॅनेजरने फोटो दोनदा मोठा करून पाहिला. “काम तुम्हाला,” तो म्हणाला. “फक्त ते इस्त्रीचं बाहेर बोलू नका. कारखान्याची अब्रू जाईल.”

“मी बोलणार,” मामा म्हणाले. “तुम्ही या माणसाला काय बोललात, तेही बोलणार.”

मॅनेजरने मान खाली घालून कामाच्या कागदावर सही केली.

घरी येऊन त्यांनी कापड टेबलावर परत ताणलं. “आणि हा डाग कधी पाडलास ग? काम जात होतं माझं.”

मामींनी शर्ट पसरला. “तुम्ही पडद्याआडून ओरडलात ना, उजेड अडवू नकोस म्हणून. मी वळले, इस्त्री तशीच राहिली.”

मामांनी टेबलाकडे पाहिलं. मग दारातून बाजूला सरकून उभे राहिले. मामींच्या टेबलाचा उजेड तेच अडवून उभे होते.