निळ्या डब्यातली ज्वारी

वळसंगहून निघाले त्या सकाळी आईने माझी ओटी तांदळाने नाही, आमच्या रानातल्या ज्वारीने भरली. रुमालाची गाठ मारत म्हणाली, "ह्यातलं चार दाणं म्हागारी आण. घरातलं घरात येऊ दे."

मी नवी नवरी, नवऱ्यामागे ऑस्ट्रेलियाला निघालेली. डोळ्यांवर गॉगल, डोक्यात हवा. तिथल्या विमानतळावर 'बियाणं आणलंय का?' विचारणारा फॉर्म हातात पडला आणि बाईसाहेबांची गाळण उडाली. रुमालासकट ज्वारी कचऱ्याच्या डब्यात! वर त्या डब्यालाच 'थँक्यू' म्हणाले.

आई दादाकडून पत्र लिहून घ्यायची. शेवटी ठरलेलं: "दाणं हायती न्हवं?" मी ऐटीत कळवायची, "आहेत, निळ्या डब्यात." पुढे तर डब्याचं झाकण घट्ट बसतं, हेही लिहिलं. परत जायला जमेपर्यंत आईच गेली.

वळसंगच्या भाच्यांनो, आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून इकडे आलेल्यांनो, निळा डबा कधी नव्हताच.

मागच्या महिन्यात नात मला गाडीने ब्रिस्बेनहून आत, पश्चिमेला घेऊन गेली. समुद्र मागे पडला, घाट चढलो, निलगिरीचं रान सरलं आणि एकाएकी जमीन काळी झाली. आपली, भेगाळणारी काळी. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ज्वारी. कणसं मात्र तांबडी. माणूस नाही, राखणीचा माचा नाही.

"हे गुरांना घालतात, आजी. उतरू नकोस हं, साप असतात."

"असू देत. म्हातारं मांस कोण खातंय!" म्हणत मी उतरलेच.

पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा पिकावर उतरला, आणि माझ्या पाठीमागून हाक आली: "हाऽऽ हाऽऽ!" आई माच्यावर उभी राहून गोफण फिरवताना घालायची, तीच. मी वळून पाहिलं नाही. हात आपोआप कणसाकडे गेला. तळव्यावर बरोबर चार दाणे.

"दाणं हायती न्हवं?"

हायती की, जिभेवर आलंच होतं. एवढ्या वर्षांची सवय. पण आपली ज्वारी पांढरी, मोत्यासारखी. आईला का ते कळणार नाही?

"न्हाईत, आई. टाकलं मी."

सगळी पाखरं एकदम उडाली. चारही दाणे मी त्यांच्याच मातीत सोडले.

गाडीत बसल्यावर नातीने विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

"घरी," मी म्हटलं.

माझा फोन सीटवरच पडलेला होता.