कार्बोरेटर माझ्याकडे होता

भुवईवरची जखम ओढणीने दाबून धरत मी पनवेलच्या एसटीत चढले, तेव्हा मांडीवरच्या पिशवीत दोन ड्रेस, बारावीचं सर्टिफिकेट आणि टॉवेलात गुंडाळलेला एक कार्बोरेटर होता. शेजारच्या बाईने पेट्रोलचा वास येतो म्हणून नाकाला पदर लावला. आई स्टँडपर्यंत आली होती. तिने तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "तोंड धू, मंग जा." जाऊ नको म्हणाली नाही, याचा राग मी कित्येक वर्षं धरून होते.

कार्बोरेटर आमच्या मोटरसायकलचा होता, इंजिनाला पेट्रोल तोच पाजतो. रेवदंड्याच्या खाडीवर कामाला आलेला एक परदेशी इंजिनीअर जाताना ती बाबांना देऊन गेला होता. छोटं टू-स्ट्रोक इंजिन, उंच मडगार्ड, वर उचललेला सायलेन्सर, गोटीगोटीचे टायर. डोंगरातल्या पायवाटांसाठी बनवलेली गाडी, पण आमच्याकडे ती वाळूत पळाली. ओहोटीला किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या आणि बैलगाडीच्या बाजूने मोटरसायकल पळवून, आरडाओरडा करून बैलांना चेव आणावा लागायचा. हे काम दादाचं. अख्ख्या पट्ट्यात त्याच्यासारखा बैल पळवणारा नव्हता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. बाबांचा नियम एकच होता, "आधी गाडीला गोडं पानी, मंग तुमाला." खारं वारं लोखंड खातं म्हणून विहिरीचं पाणी आधी तिच्या अंगावर जायचं. इंजिन मात्र मी शिकले. दादाला ती पळवता यायची, मला ती खोलता यायची. आमच्यातली आग तिथलीच.

त्या दिवशी मी माती खाल्ली. दादा आमच्या बैलांना कुंकू लावत होता, गाडी मोकळी उभी होती. वरच्या आळीतल्या लोकांचा मोटरसायकलवाला आला नव्हता. त्यांनी हाक मारली आणि मी गाडीला कीक मारली. कुणाच्या बाजूने पळतेय याचा विचारच केला नाही, वाळू आणि वेग एवढंच डोक्यात होतं. वरच्या आळीचे बैल जिंकले. आमचे हरले, आमच्याच गाडीने हरवले.

दादाने मला वेणीला धरून गाडीवरून ओढलं. हातात पराणी होती, बैलांना टोचायची, टोकाला खिळा असलेली काठी. ती माझ्या भुवईवर बसली. लोक बघत उभे राहिले, कुणी मधे पडलं नाही. घरी आल्यावरही तो थांबेना. मी अंगणात पडले होते, टूलबॉक्स हाताशी होता. चाकाचा पाना उचलला. त्याचा डावा हात ओट्याच्या दगडावर टेकलेला होता. मी नेम धरून मारला. चुकून लागला असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही. मग बाबांनी तीच पराणी घेऊन ती मोडेपर्यंत आम्हा दोघांना मारलं. सगळे दवाखान्यात गेले तेव्हा मी गाडीचा कार्बोरेटर उतरवला. बस, आता बैस म्हणावं गाडीकडे बघत.

बंगळूरूत आधी एका गॅरेजात फरशी पुसली, मग स्पॅनर हातात आला, आता सर्व्हिस सेंटरची सुपरवायझर आहे. 'मॅडम' म्हणतात, कन्नडमध्ये शिव्या देते, जॉब कार्डवर सही करते. कार्बोरेटर कपाटात होता. दर दसऱ्याला साफ करायचे आणि मनात म्हणायचे, पडली असेल सडत. बाबा गेले, आई गेली, तेव्हा जाऊन आले, पण गाडी ताडपत्रीखाली झाकलेली होती, मी उघडून पाहिली नाही. दादा बोलला नाही, मीही नाही. त्याची दोन बोटं वाकडी दिसली, पण तो टेम्पो चालवत होता. म्हणजे हात बरा असणार, असं मी धरून चालले.

एकोणीस वर्षांनी यंदा त्याचा पहिला फोन आला. जुन्या गाड्या जमवणारा एक जण अलिबागकडे बंगला बांधून राहिलाय, त्याला ती हवी आहे, पण चालू करून. "ता कार्बोरेटर घेऊन ये," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. माझी गाडी विकणारा हा कोण. मी कार्बोरेटर घेऊन निघाले ते गाडी चालवत न्यायच्या इराद्याने, गरज पडली तर पुन्हा पाना उचलायच्या तयारीने.

पडवीत गाडी उभी होती. गंजाचा ठिपका नाही. दादा रोज गोडं पाणी मारत होता, पिस्टन जाम होऊ नये म्हणून रोज नुसतीच कीक मारत होता. मी कार्बोरेटर बसवला, ऑइल मिसळून पेट्रोल घातलं. नवव्या किकला ती फाडफाड करत उठली. मी हट्टाने म्हटलं, आधी तू बस.

तो बसला. डावा हात हँडलला लावला. दोन वाकडी बोटं क्लचच्या दांडीवर ताठच राहिली, मिटेनात. उरलेल्यांनी त्याने दोनदा दाबून पाहिलं. क्लच अर्ध्यावरही आला नाही. टेम्पोचा क्लच पायात असतो, मोटरसायकलचा डाव्या हातात. मी रोज गाड्या तपासणारी बाई, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं. कधी बोलला का नाहीस, असं विचारलं.

"गावाला सांगत व्हतो, बहिनीनं कार्बोरेटर नेला, म्हनून गाडी बंद हाय," तो म्हणाला. "ता तुझ्याकडं व्हता म्हनून माझी इज्जत व्हती."

मला रडू कोसळलं. तो उठला नाही, मला जवळ घेतलं नाही, तशी आमच्यात पद्धत नाही. ओहोटी लागली होती. आम्ही गाडी ढकलत वाळूवर नेली. तो बसला, कीक मारली आणि मी डाव्या बाजूला उभी राहून क्लच दाबून धरला. त्याने गिअर टाकला, मी सोडला, आणि शर्यतीत तो बैलांच्या बाजूने ओरडत असे तशी मी त्याच्या बाजूने ओरडत पळाले. ओल्या वाळूत गाडी बंद पडली. परत आल्यावर आधी तिला गोडं पाणी, मग आम्हाला.

दुसऱ्या दिवशी गाडी त्या बंगलेवाल्याकडे गेली. मी अडवलं नाही. माफी त्यानेही मागितली नाही, मीही नाही. बंगळूरूत कुणी विचारतं, घर कुठे. मी रेवदंडा सांगते, आणि डोळ्यांसमोर किनारा येत नाही, घरही येत नाही. ती दोन बोटं येतात, मी मोडलेली.