भोंग्यापर्यंतचं मौन

फोन बेबीचा होता, पुंडलिकच्या थोरल्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. एवढ्या वर्षांचा मित्र गेल्यावर माणसाच्या मनात आधी काय यावं? माझ्या मनात आलं की, त्या सकाळबद्दल मला विचारू शकेल असं आता कोणी उरलं नाही. हायसं वाटलं. रडू आलं ते नंतर. या गोष्टीला काही आठवडे झाले, पण त्या हायसं वाटण्याची लाज काही जात नाही... म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघंही नाचणगावचे. पन्नास सालानंतर केव्हातरी पुलगावच्या शाळेतून बरोबरच मॅट्रिक झालो. पास झाल्याचं कौतुक महिनाभर टिकलं आणि पुढे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरला शिकायला पाठवण्याची दोघांच्याही घरची ऐपत नव्हती आणि शिकलेल्या हातांनी शेतात जायची आमची तयारी नव्हती. दिवस नुसते पडून असायचे. केव्हाही उठावं, स्टेशनवर जाऊन गाड्या पाहाव्या, गप्पा हाणाव्या, परत येऊन झोपावं. वडील शेतातून यायच्या वेळेला मी घराबाहेर पडत असे. ते रागावणारे नव्हते. एकदाच जेवताना म्हणाले, "दिवसभर काय करून राह्यला रे, बापा?" खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, आणि मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी पुंडलिकसमोर दिनक्रम मांडला. पहाटे पुलगावच्या कापडगिरणीच्या भोंग्याला उठायचं, विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ, मग टकळीवर सूत, मग इंग्रजी वाचन, आणि दुपारून नोकरीचे अर्ज. शिवाय दुपारचा भोंगा होईपर्यंत मौन. पवनारच्या आश्रमात जाऊन आलेल्या कुणाकडून तरी मी मौनाचं माहात्म्य ऐकलं होतं आणि आपलं वाटोळं बोलण्यानंच झालं आहे, असं माझं ठाम मत झालं होतं. पुंडलिक ऐकत होता. "मले जमन का?" म्हणाला. न जमायला काय झालं, असं मी त्याला दटावलं.

जमलं ते त्यालाच. पहाटे तो मला उठवायला यायचा, पण मौन असल्यानं हाक मारता यायची नाही, मग अंगणात उभा राहून लोटा दगडावर वाजवायचा. आई वैतागायची. "उठ नं, तुया मुका येऊन उभा हाय. त्याले चहा पाजू का तुले धपाटा देऊ?" सुरुवातीला मी उठत असे. पुढे अंथरुणातूनच हातानं 'तू हो पुढे' म्हणू लागलो आणि नंतर तर कूसच बदलू लागलो. माझी टकळी थांबली, वाचन थांबलं, अर्ज तर मी एकही लिहिला नाही. मौनाचं म्हणाल तर पुंडलिक समोर असेपर्यंत मी गंभीर चेहरा करून बसायचो आणि तो गेला की पारावर जाऊन खिदळायचो. त्याला हे कळू द्यायचं नव्हतं, कारण दिनक्रम माझा होता. एकदा सकाळी त्यांचा बैल दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरला तेव्हा पुंडलिक ओरडला. भोंगा झाल्यावर त्यानं आपण होऊन मला ते सांगितलं. मी त्याला म्हटलं, "एवढंसं जमत नाई तुले, मास्तर होऊन पोरायले काय शिकवशीन?" त्यानं खाली मान घातली. पुन्हा मोडणार नाही म्हणाला.

मास्तर व्हायचं त्याच्या फार मनात होतं. दुपारून तो खरोखरच अर्ज लिहीत असे. त्यातलाच एक जाम गावाकडच्या एका खेड्यात पोचला. तिथे नवी शाळा निघाली होती. तिचे चिटणीस काही कामानं पुलगावला आले होते, मास्तर त्यांना लगेच हवा होता, म्हणून मुलगा स्वतःच पाहावा असं ठरवून ते चालत नाचणगावात आले. पुंडलिक ओसरीवर सूत काढत बसला होता. मी त्या दिवशी नेमका त्याच्याजवळ होतो, हातात टकळी धरून. पाहुण्यांनी अर्ज दाखवला, नाव विचारलं, कुठे शिकला ते विचारलं. पुंडलिक उठला, हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि दुपार होऊ द्या अशा अर्थानं वर उन्हाकडे हात केला. पाहुण्यांना काही उमगेना. ते माझ्याकडे वळले. "काऊन जी, वाचा नाई का याले?"

पुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काळजी नव्हती, मी सांगेन अशी खात्री होती. मौन आहे, भोंगा झाला की बोलेल... एवढंच तर सांगायचं होतं. मी टकळीकडे पाहत राहिलो.

पाहुणे हळहळले, वळले आणि निघाले. ते पांदणीच्या वळणाआड गेल्यावर मी टकळी टाकून धावलो. सांगायलाच धावलो होतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला पटवत आलो. ते रस्त्यावर टांग्याची वाट पाहत उभे होते. माझ्या तोंडून निघालं ते, "मीबी मॅट्रिक हावो जी." त्यांनी मला निरखलं. मघाशी का बोलला नाहीत, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "मौन होतं. आत्ताच सुटलं." त्यांचा चेहरा उजळला. असा नेमानं राहणारा मास्तरच आम्हाला पाहिजे, म्हणाले. मग त्या पोराला जन्मापासूनच वाचा नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्याचं तसंच आहे जी."

दुपारी भोंगा झाला आणि पुंडलिक माझ्या घरी आला. "काय म्हनले ते?"

"सांगतलं मी. पन त्यायनं आयकलंच नाई. मलेच ये म्हनले."

तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "जा तू मंग. दोघातल्या एकाचं तं झालं." मी निघालो त्या दिवशी माझी पेटी त्यानंच स्टेशनपर्यंत नेली.

मी हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. पुंडलिक गिरणीत लागला आणि यंत्रांच्या आवाजात, जिथे बोललेलं कुणाला ऐकूही येत नाही, तिथे त्याचं आयुष्य गेलं. मौनापायी नोकरी घालवणाऱ्या मित्राची गंमत मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, माझ्या निरोप समारंभातही सांगितली. तेव्हा तो पहिल्या रांगेत होता. सगळ्यांबरोबर तोही हसला. आजही त्या भागात पुंडलिकचं नाव निघालं की लोक त्याला हट्टी म्हणतात. तो हट्टी नव्हता. त्यानं मला दिलेला शब्द पाळला होता.

तेरवीनंतरच्या सकाळी मी त्याच्या घरी होतो. घरात भांड्यांचा आवाज होता, माणसांचा नव्हता. बेबीनं चहा आणून ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा दुपारपर्यंत बोलत नसत ना, काका. आमालेबी सकाळी बोलायची सवय नाई." मग ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, "तुमची गोष्ट बाबा नेहमी सांगत. त्या दिवशी तुमचंबी मौन होतं. बाबासाठी तुमी ते मोडलं अन् त्या मानसामागं धावले. माह्यासाठी एवढं कोनी केलं नाई, म्हनत."

तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी कप उचलला आणि चहा पीत राहिलो. बेबी, हे ज्यात छापून येईल तो पेपर तुझ्या घरी येतो, हे मला माहीत आहे. त्या सकाळी माझं मौन नव्हतं.