दुपारी गाणी बंद, पोळ्यांवर बोला

रेडिओत काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, फोनवरून आपोआप येतात. दुबईत अल कुसैसमधलं आमचं एएम स्टेशन चिमुकलं. वर्षानुवर्षं फर्माईशीची जुनी गाणी लावायचो. मग मीच हट्ट धरला, दुपारी गाणी बंद, लोकांना बोलू द्या. पहिलाच विषय काढला: इथे रूमवर पोळ्या लाटणारे बाप्ये सुट्टीत गावी गेले की पाण्याचा ग्लासही का उचलत नाहीत? मालक हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे. ते म्हणाले, "ईदपर्यंत चालव. नाही चाललं तर खलास, परत गाणी."

पहिला फोन रायगडच्या एका एसी मेकॅनिकचा. "ताई, विषय चांगलाय. पण आधी एक कोळीगीत लावा ना."

मी म्हटलं, "गाणं नाही. पोळ्या कोण करतं ते सांगा."

गडी खुलला. रूमवर पाळ्या लावलेल्या, आणि याच्या पोळ्या सगळ्यांत छान फुगतात म्हणे.

"आणि गावी?"

"गावी कसा करणार ताई? तिथे मी दुबईवाला!"

मग सिलिकॉन ओएसिसमधले एक मॅनेजर तावातावाने बोलले. मूळ पुण्याचे. "तुम्ही चांगली घरं बिघडवताय. माझी मिसेस आता मला डबे भरायला सांगते."

"मग भरा की," मी म्हटलं.

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "डॅडी, इट्स युवर टर्न." फोन कट.

आमचा एकुलता एक जाहिरातदार मसालेवाला. तो थेट स्टुडिओत आला. "मॅडम, मसाला म्हणजे आईचा हात. पुरुषांचा स्वयंपाक कशाला काढता?"

माझं डोकंच फिरलं. "हबीबी, इथे तुमची पाकिटं घेतात ते निम्मे बॅचलर. त्यांच्या आया इथे आहेत का?"

त्याने जाहिरात काढून घेतली. मला जराही वाईट वाटलं नाही.

हमीदभाईंना मात्र वाटलं. "तुझ्या तोंडापायी स्टेशन बसेल," म्हणाले. ईदची वाट न बघता त्यांनी ठरवलं, उद्या आपणच माईकवर येऊन कार्यक्रम बंद झाल्याचं सांगायचं.

"सांगा," मी म्हटलं. "पण फोन लाइन चालू राहील. ऐकणाऱ्यांनाही बोलायचं असेल."

एवढं त्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उद्यापासून परत तुमची आवडती गाणी." लगेच फोन वाजला. रत्नागिरीत मोबाइलवर आमचं स्टेशन ऐकणाऱ्या त्यांच्या बायकोचा.

"बंद करा हो, स्टेशन तुमचं आहे. फक्त एक विचारायचंय. तुमच्या हातचं सुरमईचं सालन अख्ख्या कुसैसने खाल्लंय म्हणतात. कसं लागतं ते?"

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसती खरखर हवेत जात होती. मी हाताची घडी घालून उभी राहिले, मदतीला गेले नाही.

शेवटी ते माईककडे वाकले. "तिखट असतं जरा."

मग खुर्चीवरून उठत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस. उद्याचा विषय सांग त्यांना."