मदरबोर्डची खंडेनवमी

आमच्या घरी नांगर नाही, विळा नाही, साधी कुऱ्हाडसुद्धा नाही. गावची जमीन आजोबांच्या काळातच गेली आणि आम्ही हैदराबादला, नल्लकुंट्यात येऊन नोकरदार झालो. तरी खंडेनवमी आली की आईला पूजेला हत्यार लागतंच. आणि घरात पोटाला घालणारं हत्यार एकच, माझा कॉम्प्युटर.

त्या वर्षी नेमका त्याच दुपारी मी मदरबोर्डचा बायॉस अपडेट करायला बसलो. बायॉस म्हणजे बटण दाबल्यावर यंत्राला जागं करणारा, मदरबोर्डच्या पोटातला छोटासा प्रोग्रॅम. तो बदलताना वीज गेली की कारभार आटोपला. पण दुसऱ्या दिवसापासून मला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. साहेबांनी बजावलं होतं की पहिल्याच सकाळी हजर दिसला नाहीत तर मुकाट्याने बेंगळुरूच्या ऑफिसात यायचं. गिऱ्हाईक परदेशातलं, त्याला कसला आलाय दसरा! वडील गेल्यापासून आई एकटी, तिला टाकून जायला माझं मन धजत नव्हतं. म्हणून यंत्र कसं ठाकठीक करून ठेवावं, अशी अवदसा मला आठवली.

अपडेट सुरू करून मी चहा टाकायला गेलो. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. ओल्या बोटांनी यंत्राला हळदकुंकू लावायचं, उगाच शॉक नको, म्हणून तिने शहाण्या बाईसारखा घरचा मेन स्विच बंद केला.

मेन परत चालू केला तर कॉम्प्युटरचे पंखे नुसते घरघरले, स्क्रीन काळा ठिक्कर. माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोललो. तुझ्यापायी आता मला बेंगळुरूला जावं लागणार, हेही बोललो. आई म्हणाली की आजच्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची असते, तूच त्याच्या मागे लागला होतास. कॅबिनेटवर झेंडूचं फूल ठेवून ती आत निघून गेली.

उपाय होता. नेमकी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, तो मागच्या ठरलेल्या खाचेत लावायचा आणि शेजारचं बटण दाबून धरायचं, की मेलेला बायॉस परत भरला जातो. पण फाइल घ्यायला दुसरा कॉम्प्युटर हवा, कारण माझा मोबाइल पेनड्राइव्हला ओळखच देईना. शेजाऱ्यांकडे गेलो तर त्यांचा लॅपटॉप हाराखाली, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. समोरच्या तेलुगू काकांनी तर स्वतःचा रेशमी कापडात गुंडाळून देवघरात ठेवलेला. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान उघडं होतं, पण आत स्क्रूड्रायव्हरसकट सगळं पाटावर मांडलेलं. दुकानदार हात जोडून म्हणाला, “आज नक्को साब, औजारां सो रैं.” अख्ख्या नल्लकुंट्यात एक यंत्र जागं नसावं?

होतं, आमच्याच खालच्या मजल्यावर. तिथे बँकेत काम करणाऱ्या ताई राहतात, नांदेडकडच्या बौद्ध घरातल्या. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाच्या कार्यक्रमात बोलायचं होतं, म्हणून भाषण टाइप करत बसल्या होत्या. माझी रडकथा ऐकून त्या पोट धरून हसल्या. पूजा करून मारलंत होय, म्हणाल्या, आणि भाषण अर्धं सोडून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

फाइल घेऊन वर आलो, पेनड्राइव्ह खाचेत लावून बटण दाबलं. बटणाजवळचा दिवा लुकलुकायला लागला. आई आपणहून मेन स्विचला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. दारावरची बेल वाजली तरी हलली नाही. मी देवाचं नाव घेत होतो आणि लाजही वाटत होती. शेवटी दिवा विझला. यंत्र चालू केलं, आणि स्क्रीन उजळला.

आईला सांगायला वळलो तर ती खोलीत जाऊन बॅग उपसत होती. लुगडी, गोळ्यांचा डबा, वडिलांचा फोटो, काळ्या मसाल्याची बरणी. मी गल्लीभर फिरत होतो तेव्हा तिने ती भरली होती. हे काय, म्हणून विचारलं.

“बेंगळुरूला निघाले होते,” बरणी फडताळात ठेवत ती म्हणाली. “तू तर नुसता ओरडलास. येतेस का म्हणून विचारलंस का एकदा तरी?”