मामा दांडा उचलून बघायचे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर रेणापूरच्या थोरल्या मामांचे. आमच्या दोन्ही घरांत पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पोचलो तो मामांच्या ओसरीवर अभ्यास करून. माझं गाव नायगाव तालुक्यातलं. दहावी होताच मामा येऊन मला घेऊन गेले. पुढची सगळी वर्षं मी रेणापूरहून एसटीने लातूरला कॉलेजात जात होतो.

मामांचा धंदा मंडपाचा आणि लग्नातल्या भांड्यांचा. एक पिकअप, तिच्यामागे दोन चाकांची ट्रॉली. मला लायसन्स मिळालं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. त्या लग्नसराईत मामांनी गाडी माझ्या हातात दिली. पण ट्रॉली जोडण्याआधी ते पुढचा दांडा स्वतः उचलून बघायचे. जड लागला पाहिजे. अगदीच हलका लागला तर ओझं मागे गेलंय, भरलेलं सगळं उतरवायचं. मग साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या बांधायच्या, मागचे दिवे बघायचे, आणि मगच निघायचं.

एकदा नायगावकडचं लग्न होतं. मामा हार आणायला बाजारात गेले होते आणि ट्रॉली मी भरत होतो. आचारी घाईत होता.

"पोचल्याबरोबर चूल पेटवायची हाय. कढया अन् भट्ट्या शेवटी टाका, म्हंजे आधी निघतील," तो म्हणाला.

सगळे आचारी असंच सांगायचे. मामा रोज त्यांच्याशी भांडून कढया पुढे ठेवायचे. मी भांडलो नाही. मंडपाचं हलकं कापड पुढे गेलं, लोखंड सगळं शेपटीला. मामा आले तेव्हा ट्रॉली जोडून झाली होती.

"दांडा बघितला का?"

"हाव," मी म्हणालो. बघितला नव्हता.

लांब उतार लागला आणि ट्रॉली नाचायला लागली. आधी थोडी, मग आरशात तिची एक बाजू दिसे, मग दुसरी. पिकअपची शेपूट तिच्याबरोबर ओढली जात होती. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नगं," मामा हळूच म्हणाले. "पाय उचला. चाक सरळ धरा. ती आपली आपण थांबंल."

ती थांबली. मामांनी गाडी कडेला घ्यायला लावली, उतरून मागे गेले आणि ताडपत्री वर करून बघितलं. मागच्या सीटवरून उतरलेला आचारी, जणू कढया शेवटी टाकायला त्याने सांगितलंच नव्हतं, म्हणाला, "ह्यो कुणाचा शहाणपणा?"

"माझा," मामा म्हणाले. "वय झालं. चला, हात लावा."

भर उन्हात आम्ही तिघांनी ट्रॉली पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली. लग्नात चूल उशिरा पेटली आणि बोलणी मामांनी खाल्ली. परतताना मला एवढंच म्हणाले, "भाचेबुवा, पुस्तकात हे नसतंय का?"

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात होतं. मी त्यात चांगले मार्कही मिळवले होते.

आता मी कॅनडात असतो. मागच्या वर्षी झोपायची, रांधायची सोय असलेली एक ट्रेलर-खोली घेतली. इथे लोक ती पिकअपमागे जोडून तळ्याकाठी राहायला जातात. माझी पिकअप अर्ध्या टनाच्या वर्गातली, म्हणजे इथल्या मोठ्या पिकअपमधली सगळ्यात हलकी. गाडी किती ओढते ते विकणाऱ्याने सांगितलं. मी विचारलं, टाकीतलं पाणी आणि सामान धरून दांड्यावर किती भार येईल, आणि घरातले आम्ही तिघं बसल्यावर गाडीला तो पेलेल का? तो म्हणाला, तुम्ही आधी ट्रेलर ओढलाय वाटतं. मी हो म्हणालो. काय ओढलंय ते सांगितलं नाही.

मामा माझ्या डावीकडे बसायचे. इथे स्टिअरिंग डाव्या बाजूला, म्हणून ती जागा उजवीकडे येते. उतार आला की मी सवयीने आधी डावीकडे बघतो. तिथे काच असते.

दोन वर्षं झाली, मी त्यांना बोलावतोय. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांनी गाडी सोडली. ती अंगणातच उभी असते. फोनवर ते म्हणतात, "लई लांब हाय. अन् येऊन काय करू? तुमच्या दारात नुसतं बसून राहू?" कामाशिवाय ते कुणाच्या घरी कधी राहिलेले नाहीत. मोबाइलवरचं ते वाचत नाहीत, म्हणून कागदावर लिहिलं:

"मामा,

पाया पडतो असं लिहीत नाही. भाच्यानं पाया पडलेलं तुम्हाला चालत नाही.

त्या दिवशी मी दांडा बघितला नव्हता. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तरी माझ्या तोंडून आज सांगतो.

इथे दांड्याचा भार मोजायला काटा मिळतो. तो मी घेतलाय. आकडा बरोबर येतो, तरी निघताना मन धजत नाही. उन्हाळ्यात आठ दिवस तळ्याकाठी जायचंय. खोली मी भरून ठेवीन, जड सामान पुढे. तुम्ही या, ताडून बघा, आणि निघा म्हणा. तुम्ही म्हणेपर्यंत मी गाडी चालू करणार नाही.

तुमचा भाचा"