रिव्हर्स नसलेली गाडी

आमच्या टेम्पोत क्लीनर नव्हता, बायको होती. पिंपळगावहून द्राक्षं, कांदा, जे मिळेल ते भरायचं आणि नाशिकच्या मार्केट यार्डात आणायचं, असं आम्हा दोघांचं चालायचं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. बाईमाणसानं टेम्पोत पुढं बसून हिंडावं हे लोकांना पचत नव्हतं. न पचो! मूलबाळ नव्हतं, घरी एकटी बसून ती काय भिंतींशी बोलणार होती? इंजिन दोन सीटच्या मधे असायचं. त्याच्या तापलेल्या झाकणावर ती भाकरीचं फडकं ठेवायची, आणि आडगाव येईस्तोवर भाकरी अशी गरम राहायची की तव्यावरून नुकतीच उतरवली असावी.

खरी गंमत गाडी मागं घेताना. बाकीचे क्लीनर मागं उभे राहून ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे!" ही नवऱ्याला अरेतुरे कशी करणार? पदर खोचून उभी राहायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "अहो, येऊ द्या! येऊ द्या! बास!" सगळं यार्ड हसायचं. हमाल मला लांबूनच हाक मारायचे, "अहो, येऊ द्या!" मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, नुसता हात कर ना." ती म्हणायची, "तुमच्या त्या फुटक्या आरशात हात दिसतो का? मग?" पण तिचं बास इतकं नेमकं यायचं की गाडीत आणि भिंतीत वीतभरच जागा उरायची.

पोटाच्या दुखण्यानं ती गेली. टेम्पो आमच्या घरामागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी दोन-चारदा जाऊन बसलो. किल्ली फिरवली की हात थरथरायला लागायचे, पार खांद्यापर्यंत. थोरला भाऊ टेम्पोत भागीदार होता. त्यानं बरेच दिवस कळ काढली, मग म्हणाला, "टायर सडायला लागले उभ्या उभ्या. दसऱ्याला गाडी बाहेर काढ, नाय तर दुसरा ड्रायव्हर-क्लीनर ठेवू." त्याचं काही चुकत नव्हतं. पण तिच्या जागेवर कोणी परका पाय वर घेऊन तंबाखू मळत बसणार, या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

घर खायला उठायचं म्हणून मी उगाच गावात हिंडायचो. त्याच दिवसांत नाशकातच शालिमार चौकाच्या मागं एका गाळ्यात व्हिडिओ गेम आले होते. आत कपाटाएवढ्या एका पेटीला चक्क स्टिअरिंग! गाळेवाला म्हणाला, "बसा दादा. अगदी खरी गाडी चालवल्यासारखं वाटतं."

बसलो. टोकन टाकलं. पडद्यावर रस्ता सुरू झाला, लाल गाडी पळायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की हात थरथरत नाहीत. काय आनंद झाला म्हणून सांगू!

बाकी खरी गाडी कसली, डोंबलाची! क्लच नाही. गियर दोनच. स्टिअरिंग इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटेना. भरलेली गाडी वळणावर कशी अंग टाकते, ओझरच्या पुलावर कशी कुरकुरते, त्यातलं काहीच नाही. धडकली की पेट घ्यायची, आणि लगेच पुन्हा रस्त्याच्या मधोमध धडधाकट उभी. ते बघून मात्र वाटायचं, माणसांचंही असं असतं तर काय पाहिजे होतं!

एकदा मागून निळी गाडी आली. मी सवयीनं कडेला घेतली आणि उजवा हात बाहेर काढून तिला 'जा' म्हणून खूण केली. अख्खा गाळा हसला. कोणीतरी ओरडलं, "काका, रेस आहे, साईड कसली देताय!" आता हायवेवर मागच्याला साईड न देणारा ड्रायव्हर म्हणजे माजलेला, हे त्यांना कोण सांगणार? मलाही हसू आलं आणि मी पटकन डावीकडे वळून बघितलं. हे तिला सांगायचं होतं. डावीकडे गाळ्याची भिंत होती.

तरी मी रोज जायला लागलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पडद्यावरची गाडी धडकली, पण पेटली नाही, नुसतीच कडेला नाक लावून अडकली. मी गियरची दांडी ओढून बघितली, ढकलून बघितली. "याला रिव्हर्स कुठंय?" मी विचारलं. गाळेवाला म्हणाला, "रेसमध्ये मागं कशाला जायचं, दादा?"

मी उठलोच. इथं हात का थरथरत नाहीत, ते आता कळलं. या गाडीला मागं जायचंच नव्हतं. आणि माझा टेम्पो मागं घेतल्याशिवाय अंगणातून बोळात निघणार नव्हता.

दसऱ्याला सकाळी भावानं टेम्पो धुतला, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मागं जाऊन उभा राहिला. मी किल्ली फिरवली. हात थरथरायला लागले. "येऊ दे, येऊ दे!" भाऊ ओरडला. ते कानावर पडलं आणि माझं टाळकंच सटकलं. "गप्प बस! एक अक्षर बोलू नकोस!" बिचारा बाजूला सरकला.

रिव्हर्स टाकला आणि मीच मोठ्यानं म्हणालो, "अहो, येऊ द्या." आवाज माझाच, घोगरा. "येऊ द्या, येऊ द्या." हात शांत झाले. गाडी सरळ मागं जात होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की थांबायचं भानच राहिलं नाही. मग धाडकन आवाज झाला. बोळाच्या तोंडावरचा विजेचा खांब मागच्या फाळक्याच्या फळ्यांत घुसला होता.

भाऊ धावत आला. "आंधळा झाला का? एवढा खांब दिसला नाय?"

"तू बास का नाही म्हणालास?"

"तूच म्हणाला ना, गप्प बस!"

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. येऊ द्या मला म्हणता आलं होतं. बास कायम तीच म्हणायची, मला ते म्हणायची कधी वेळच आली नव्हती.

ही गाडी काही आपोआप रस्त्याच्या मधोमध येणार नव्हती. मी डोळे पुसले, पहिला गियर टाकला आणि खांबापासून पुढं घेतली, वीतभर, तिनं जागा ठेवली असती तेवढीच. मग म्हणालो, "बास." आणि चाक वळवून, खांब चुकवून गाडी मागं बाहेर काढली आणि एकटाच पिंपळगावच्या रस्त्याला लागलो.